राईतला गुलाबी पाळणा

धाकूदाजी गांवकरांनी आपली काठी गडग्याच्या खिंडीत आडवी धरली आणि कॉलेजच्या बाईंना सांगितलं, "बाये, ह्या भायर जावचा नाय."

बाईंच्या मागे पोरंपोरी राईतलं प्लास्टिक भरलेल्या गोण्या घेऊन उभी होती. सकाळपासून राबलेली, केसांत कोळिष्टकं, हातांवर डासांचे फोड. गडगा म्हणजे चिऱ्यांची बिनचुन्याची भिंत. तिच्या अलीकडे आमच्या ग्रामदेवीची, माउलीची राई आणि पलीकडे बाकीचं जग. पोरांचा टेम्पो पलीकडे उभा होता आणि गोण्या अलीकडे अडल्या होत्या.

"काका, पंचायतीनं परवानगी दिली आहे," आरोलकरबाई म्हणाल्या.

"साफ करूची दिली. भायर व्हरूची खंय दिली?"

"साफ करायचं म्हणजे बाहेरच न्यायचं ना?"

धाकूदाजी गावचे मानकरी. देवीच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्यांना स्वतःलाही तो फार आवडायचा. पण समजावून सांगणं त्यांना जमत नसे. ते माझ्याकडे वळले. "गुरवा, सांग बाईक."

मी माउलीचा गुरव. पूजा, गाऱ्हाणं, कौल ही आमच्या घराण्याची कामं. बोलतो मालवणी, लिहितो मात्र शाळेतलं मराठी, कारण आमच्या मास्तरांनी ते छड्या मारून आत घातलंय आणि आता बाहेर निघत नाही. या गोष्टीला पंधराएक वर्षं झाली असतील.

मी बाईंना सांगितलं, की राईतलं काहीही राईबाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकी चुलीला नाही. पडलेला आंबा तिथेच खावा, बाठा तिथेच टाकावा. या एका नियमापायी आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी आमची राई भर दुपारी काळोख धरून आहे. माझ्या आजोबांच्या वेळी एकाने राईतली शिवणीची काठी कापून घरी नेली होती. त्याचं पुढे काय झालं यावर गावात चार मतं आहेत, पण चारही मतांत तो वाईटच मेला.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग गोणीतून एक नायलॉनचा हार ओढून काढला, झेंडूच्या रंगाचा.

"काका, खऱ्या झेंडूचा हार आठवड्यात माती होतो. हा शेकडो वर्षं असाच राहील. तुमचे पणतू जातील, तरी हा राहील."

"मगे? माउलीय रवतली," धाकूदाजी म्हणाले. "तिका हार नको?"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हार गोणीत कोंबला आणि मागच्या मुलीला गोणी खाली ठेवायला सांगितलं. त्या मुलीच्या दुसऱ्या हातात गोणीत न मावलेला एक पाळणा होता. तो तिने गोणीच्या तोंडावर ठेवला. गुलाबी, वीतभर लांबीचा, बाजूला दोन पांढरे ससे. मी तो बघताक्षणी ओळखला.

पाळण्यांचं सांगायला हवं. ज्यांना मूल होत नाही ती माणसं माउलीला नवस बोलतात, आणि मूल झालं की राईतल्या झाडाला खेळण्यातला पाळणा बांधतात. माझ्या लहानपणी तो सुतार करून द्यायचा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा. बांधायचा कुंभ्याच्या सालीच्या दोरीने. दोन-तीन पावसाळ्यांत दोरी कुजायची, पाळणा खाली पडायचा, वाळवी लागून माती व्हायचा. पाळणा पडला की माउलीने तो घेतला, असं आमच्यात मानतात. नवस फिटतो तो तेव्हा, बांधताना नाही.

पुढे सुतार मुंबईला गेला आणि कणकवलीच्या बाजारात प्लास्टिकचे पाळणे मिळायला लागले. स्वस्त, रंगीत, वर चावीची चिमणीसुद्धा. लोक ते नायलॉनच्या दोरीने बांधू लागले. त्यातला एकही कधी खाली पडला नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

तो सशांचा पाळणा आमच्या घरचा होता. माझा मुलगा उदय गोव्याला हॉटेलात नोकरीला, सून रसिका आमच्यापाशी. त्याला आणि रसिकाला बरीच वर्षं मूल नव्हतं. माझी बायको शेवंती नवस बोलली, आणि सई झाली. शेवंती स्वतः बाजारात जाऊन पाळणा घेऊन आली, आणि तो फणसाच्या फांदीला मी माझ्या हाताने बांधला. सई वर्षाची व्हायच्या आत गेली. आषाढात ताप आला, ओरोसच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून आम्ही रिकामे परत आलो. त्यावर मी याहून जास्त लिहू शकत नाही.

पाळणा राहिला. आमचं घर राईला लागून आहे. मागच्या दारी भांडी घासायला बसलं की समोर तोच फणस. दोन पावसाळे गेले. लाकडाचा असता तर पडून गेला असता. हा वाऱ्यावर डुलत होता, जसा काही आतल्याला झोप लागायची बाकी आहे.

रसिकाने मला एकदा विचारलं होतं. "मामंजी, तो पाळणो काढूक येता काय?"

"नाय गो. देवीचो असा तो."

तिने परत विचारलं नाही. हळूहळू तिने बोलणंच कमी केलं. सासू-सुनेत भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, निदान आवाज तरी होतो. आमच्याकडे नुसतं पळीपातेल्याचं बोलणं उरलं होतं. आणि कॉलेजची पोरं आली त्याच्या आदल्या दिवशी रसिकाने शेवंतीला सांगितलं, की परवा भाऊ न्यायला येतोय आणि आता मी परत यायची नाही. उदयला फोन केला. तो म्हणाला, "जांवदे तिका, बाबानू. मी तरी थय खंय रवतंय?"

बाई तोवर धाकूदाजींशी वाद घालून थकल्या होत्या. गावची दहा-पंधरा माणसं जमली होती. शेवटी धाकूदाजी म्हणाले, "माझा आयकू नको, बाये. माउलीक इचारूया."

म्हणजे कौल. कौल कसा लावतात ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरवाने आंघोळ करून ओल्या पंच्याने गाभाऱ्यात जायचं. भिजवलेल्या फुलांचे कळे माउलीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचे. मग सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कधी लगेच पडतो, कधी तासभर बसवून ठेवतो. लोक म्हणतात, कळा ओला असतो म्हणून पडतो. ओला असतोच. पण कुठला आधी पडायचा ते माझ्या हातात नसतं, एवढं मी माउलीच्या समोर सांगतो.

मी आंघोळ करून आलो. देवळापुढच्या मांडवात गोण्या आणून ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी पोरं मांडी घालून बसली होती. मी गाऱ्हाणं घातलं.

"माये माउली, ह्यां पोरांनी तुझी राई झाडून काढली हा. त्येंका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा," मांडवातून आवाज आला. पोरांनीही अंदाजाने सूर लावला.

"आता ह्या जा काय जमलेला असा, तुझा म्हणान जा असा, ता रायच्या भायर जांवदे काय? देवचो असात तर उजवो दी."

फार वेळ लागला नाही. डावा कळा पडला.

धाकूदाजींनी बाईंकडे बघितलं, पण हसले नाहीत. एवढं त्यांना कळत होतं. "ओता सगळा परत," ते पोरांना म्हणाले. "जंय होता थय."

बाईंचे डोळे भरून आले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि रागही आला. राग कोणाचा ते सांगता आलं नसतं. एका मुलाने पहिली गोणी उचलली.

"मामंजी, जरा थांबा."

रसिका मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. सई गेल्यापासून ती देवळाची पायरी चढली नव्हती. लोक बाजूला झाले.

"माझो एक कौल लावा," ती म्हणाली.

"इचार."

"ह्यो पाळणो माउलीन घेतल्यान काय, ता इचारा."

मांडवात चुळबुळ झाली. बायकांत बसलेली शेवंती उठून पुढे आली. "गो, असा काय इचारतस? गप बस. असा इचारूचा नसता."

"कित्याक? पाळणो पडलो की माउलीन घेतल्यान, असाच तुमी सांगतास ना? ह्यो खंय पडलो? त्या चेडवान कोयतो मारून काढल्यान तो. मगे देवीचो कसो?"

पाळणा आणलेल्या त्या मुलीने घाबरून मांडीजवळचा कोयता मागे सरकवला. धाकूदाजी एक पाऊल मागे सरकले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं करताना प्रथमच बघितलं.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो आणि रसिकाला जवळ बोलावलं. हळूच बोललो, तरी सगळ्यांना ऐकू जात होतं. आमच्या देवळात कुजबुजसुद्धा घुमते.

"माउलीन घेतलो म्हणान सांगल्यान तर?"

"तर तो परत बांधा. मी उद्या जातंय. रोज उठान बघूक माका जमणा नाय, मामंजी. मी लय बघलंय."

"आणि नाय म्हणाली तर?"

"तर माझो माका."

"पोरी, इचार कर. नाय म्हणाली तर लोक म्हणतले, नवस फिटलोच नाय, म्हणान चेडू गेला."

"लोक आतासुद्धा तसाच म्हणतत," ती म्हणाली. "माझ्या पाठसून म्हणतत. आज तोंडार म्हणांदेत."

मी आत गेलो. कळे भिजवले, लावले. डावा पुन्हा लावावा लागला. प्रश्न विचारला आणि बसलो.

गुरवाने कौल लावताना स्वतःचं काही मागायचं नसतं. त्या दिवशी मी मागितलं नाही, कारण काय मागावं तेच मला कळेना. होकार आला तर सून जाणार. नकार आला तर आमच्या घरावर नवस चुकवल्याचा बोल येणार, आणि तो बोल फिरून कोणावर जाऊन बसेल तेही मला दिसत होतं. पाळणा बाजारातून कोणी आणला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी नुसता माउलीच्या तोंडाकडे बघत राहिलो. काळा दगड, घासून घासून गुळगुळीत झालेला. तिला डोळे नाहीत, आम्ही चांदीचे लावतो.

कळे पडेनात. मांडवात कोणी खोकलं, कोणी पाणी प्यायलं. पोरांपैकी एकीने बाईंना काही विचारलं, बाईंनी तिला मानेने गप्प केलं. ऊन मांडवाच्या आत यायला लागलं. मग डावा कळा हलला, खांद्यावरून घसरला आणि माउलीच्या पायाशी पडला.

"नाय," मी सांगितलं. "माउलीन घेतल्यान नाय."

शेवंती जिथे उभी होती तिथेच खाली बसली. "मी हाडलंय तो," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, समोर बघून. "माझी भावज म्हणाली, लाकडाचो बघ खंय गावता काय. मीच म्हटलंय, लाकडाचो कुजता. आमच्या चेडवाचो चांगलो टिकूक व्हयो. मीच हाडलंय. माझ्यामुळाच झाला सगळा. दोन वर्षां मी ह्याच म्हणतंय माझ्या मनात."

मी तिचा नवरा. दोन वर्षं तिच्या शेजारी झोपलो, आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती सुनेवर रुसून गप्प आहे. सुनेलाही तेच वाटत होतं. गावालाही तेच वाटत होतं.

रसिका गोणीपाशी गेली. पाळणा उचलला, काखेत घेतला. मग येऊन तिने सासूच्या दंडाला धरलं. "चला आई, घरी जावया. ऊन इला," ती म्हणाली. दोघी मांडवातून निघाल्या. गडग्याच्या खिंडीशी धाकूदाजींची काठी अजून आडवी टेकवून ठेवलेली होती. धाकूदाजी लगबगीने पुढे गेले आणि त्यांनी ती उचलली.

परत आले तेव्हा त्यांच्यात पुन्हा मानकरी संचारला होता. "गुरवा, आणि एक कौल घाल. जा माउलीन घेतल्यान नाय, ता ज्याचा तेणा घरी व्हरूचा काय, ता इचार."

या वेळी उजवा कळा लगेच पडला. जणू माउलीच वाट बघून कंटाळली होती.

मग त्या मांडवात जे झालं तसं मी परत कधी बघितलं नाही. पोरांनी गोण्या ओतल्या आणि लोक आपापलं ओळखायला लागले. प्लास्टिकचा रंग फारसा उडत नाही. शेवाळ पुसलं की खाली होतं तसंच. "गो, ही माझी परडी, बाबल्याच्या लग्नातली," "ह्यो नारळ आमचो, प्लास्टिकचो," असं करत माणसं हसायला लागली. एका थोराड पोराला त्याच्या आईने त्याचा निळा पाळणा दाखवला, तर तो लाजून मांडवाबाहेर पळाला. शुभ-लाभ लिहिलेलं एक लांबलचक तोरण निघालं, आणि ते कोणाचं म्हणून विचारणा सुरू झाली. धाकूदाजी जरा वेळ दुसरीकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि तोरणाची घडी करून काखोटीला मारली.

"मुलग्याक नोकरी लागली तेव्हाचा," ते म्हणाले. "म्हटला, तोरण कसा, कायमचा व्हया."

काही पाळण्यांपुढे मात्र कोणीच आलं नाही. ते कोणाचे, आणि त्या घरांतली पोरं आता का दिसत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक होतं. माउलीने न घेतलेले म्हणून धाकूदाजींनीही आता अडवलं नाही, आणि बाईंनी ते हलक्या हाताने परत गोणीत ठेवले. ते आता कुठे जाणार, मी त्यांना विचारलं.

"नगरपालिकेच्या गोदामात. पुढे वितळवून दुसरं काही करता आलं तर करतील." गोणीचं तोंड बांधत त्या म्हणाल्या, "नाहीतर तिथेच राहील, काका. खोटं कशाला सांगू? जायला याला जागाच नाही."

संध्याकाळी मी दिवाबत्ती करून घरी आलो. मागच्या दारी शेवंती पाळणा धूत बसली होती. काथ्याने घासत होती. रसिका तांब्याने पाणी घालत होती. दोन पावसाळ्यांचं शेवाळ हिरवट पाणी होऊन वाहून गेलं आणि खालून तो गुलाबी रंग वर आला, दुकानातून आणला त्या दिवशी होता तेवढाच. सशांचे डोळेसुद्धा तसेच काळेभोर. आम्ही तिघं बघत राहिलो. सईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला मला तोवर फोटो पेटीतून बाहेर काढून बघावा लागत होता, आणि हा तसाच्या तसा.

शेवंतीने तो पदराने पुसला. कोरडा झाला तरी पुसत राहिली. मग रसिकापुढे धरून म्हणाली, "घी. माळ्यार ठेव. नीट जपून ठेव हां."

रसिकाने तो घेतला. दोन्ही हातांत धरून जरा वेळ त्याच्याकडे बघितलं.

"ह्येका जपूक लागणा नाय, आई," ती म्हणाली. "ह्यो न जपताच रवतलो."

आणि मग ती रडली. सई गेली त्या दिवशी दवाखान्यातसुद्धा मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं. शेवंतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तीही रडायला लागली. मी आत जाऊन कंदील लावला आणि पडवीत बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने आतून भांड्याचा आवाज आला. मी डोकावून बघितलं. रसिका उद्याच्या घावन्यांसाठी तांदूळ धुऊन भिजत घालत होती.